दुपा प्ल्वाये केपेन्याग

शाळेत रुजू झालो त्या दिवशी भूगोलाच्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "राहता कुठे?"

"माटुंग्याला."

"बरं," म्हणून त्यांनी पुन्हा वहीत डोकं घातलं. माझं नाव, विषय, आधीची शाळा, यातलं काहीही त्यांना नको होतं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून हाक आली, "अहो माटुंगा, चहा सांगू का?" त्यानंतर चौदा वर्षं मी त्यांच्यासाठी माटुंगाच राहिलो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

हा प्रकार सगळ्यांच्याच बाबतीत होता. मुख्याध्यापक गिरगावचे, म्हणून तोंडावर 'गिरगाव सर' आणि पाठीमागे नुसतं गिरगाव. वर्गातली हजेरी म्हणजे तर कंडक्टरने स्टॉप पुकारावेत तशी. काळाचौकी, शिवडी, भोईवाडा, चिंचपोकळी, कॉटन ग्रीन. लालबागचे तिघे असले की लालबाग मार्केट, लालबाग पूल आणि लालबाग गल्ली अशी फोड व्हायची. एकदा एका मुलाने सांगितलं, बाई, आम्ही आता डोंबिवलीला राहायला गेलो. बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मेल्या, तू गेलास म्हणून काळाचौकी थोडीच गेली? बस खाली." तो दहावी होईपर्यंत काळाचौकीच राहिला. रोज दीड तास प्रवास करून यायचा. मला वाटतं, त्याला ते नाव आवडत असावं.

बाई स्वतः परळच्या. मूळ मालवणकडच्या, पण जन्म परळच्या चाळीतला आणि शाळा हीच, आमची. जिथे शिकल्या तिथेच शिकवायला लागल्या. मधल्या काळात बी.एड.ला काय ते दादरपर्यंत गेल्या असतील. सगळ्या जगाचा भूगोल शिकवणाऱ्या या बाईंनी महाराष्ट्राची हद्द कधी ओलांडली नव्हती. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं, हे विचारण्याची छाती आमच्यात कुणाची नव्हती. साडी सुती आणि घोट्याच्या वर, पायात पुरुषी सँडल, कानावर खडूचा तुकडा. रागावेपर्यंत बोलणं अगदी पुस्तकी, शुद्ध. राग आला की थेट मालवणी. त्यांच्या वर्गातून "तुका कळता काय रे?" असं ऐकू आलं की शेजारी माझ्या गणिताच्या वर्गातली पोरंसुद्धा सरळ बसायची.

भिंतीवर टांगायचा नकाशा त्यांनी कधी वापरला नाही. फळ्याकडे तोंड करून दोन्ही हातांत खडू घ्यायच्या आणि एका दमात जग काढायच्या, डाव्या हाताने अमेरिका आणि उजव्या हाताने आशिया. मुलं श्वास रोखून बघायची. नकाशा बरा यायचा, फक्त कोकणाचा किनारा नको तेवढा लांब व्हायचा. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "बाई, हे मालवण गुजरातएवढं कसं?" बाई म्हणाल्या, "जवळून बघितलं की मोठं दिसतं, साहेब." साहेबांनी शेरा लिहिला, 'प्रमाणाकडे लक्ष द्यावे.' बाईंनी तो शेरा वर्गात वाचून दाखवला आणि पुढच्या तासाला मालवण आणखी वाढवलं.

आता बाईंच्या म्हणींबद्दल. तळमजल्याच्या व्हरांड्यात एक फळा होता. इतर शाळांत तिथे सुविचार लिहितात. बाई दर सोमवारी एका देशाची म्हण लिहायच्या. वर देशाचं नाव, खाली त्या भाषेतला उच्चार देवनागरीत, आणि खाली अर्थ. जपान झाला, केनिया झाला, पोर्तुगाल झाला. बहुतेक म्हणी त्यांच्या दादाने पाठवलेल्या. दादा बोटीवर खलाशी होता. बंदर आलं की धक्क्यावरच्या कुणातरी माणसाला गाठायचा, खाणाखुणा करून त्याच्याकडून एक म्हण काढायचा आणि धाकट्या बहिणीला पत्रातून पाठवायचा. तिला भूगोल आवडतो म्हणून. बाईंचा सगळा भूगोल असा पाकिटांतून आला होता.

बाकी म्हणी आठवडाभर राहायच्या आणि पुसल्या जायच्या. रुमानियाची म्हण मात्र कायमची होती. ती फळ्यावर नसायचीच, ती मुलांच्या तोंडात असायची. 'दुपा प्ल्वाये केपेन्याग.' पावसानंतर ऊन. ती म्हणायची एक रीतही होती. 'दुपा प्ल्वाये' म्हणताना दोन्ही हातांची बोटं पावसासारखी वरून खाली आणायची, आणि 'केपेन्याग' म्हणताना दोन्ही तळवे आपल्याच खांद्यांवर ठेवायचे. खांद्यावर ऊन आलं. दादाला बंदरातल्या हमालाने तसंच करून दाखवलं होतं. रुमानियाच्या त्या बंदरात पाऊस लागला होता, दोघं एका शेडखाली उभे होते, आणि तो हमाल आभाळाकडे बोट दाखवून हसत हसत हे म्हणाला होता.

ते पत्र आलं तेव्हा बाई नववीत होत्या. संप होऊन वडलांची गिरणी बंद पडली होती, वडील खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जायची. बाई सांगायच्या, "मी पत्र मोठ्याने वाचलं. खांद्यावर हात ठेवून दाखवला. बाबा उठून बसले आणि म्हणाले, परत बोल बघू." त्यानंतर दीड वर्षाने दादा बोटीवरच तापाने गेला. त्याला समुद्रात सोडलं. घरी त्याची पेटी आली. त्यानंतर बाईंकडे नवा देश आला नाही. जुन्याच म्हणी त्या आलटून पालटून लिहीत राहिल्या.

हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. सुरुवातीला मला त्या म्हणीचा वैतागच यायचा. कुणी नापास झालं, केपेन्याग. कुणाच्या वडलांची नोकरी गेली, केपेन्याग. शिपायाची बायको त्याला सोडून गेली, तर बाई त्याच्यासमोर उभ्या राहून बोटांनी पाऊस पाडतायत! माझी आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी माटुंग्याला घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. दहा मिनिटं बसल्या, मग ते हातवारे करून म्हण म्हटली आणि निघून गेल्या. बायकोने विचारलं, "कसला जप करत होत्या त्या?" मला इतका राग आला होता की मी उठून आत गेलो. पण पंधरा दिवसांनी आईच्या साड्या आवरताना मी एकटा खोलीत उभा होतो आणि माझे हात आपोआप खांद्यांवर गेले. मी ती म्हण म्हटली, आणि मला खरंच बरं वाटलं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मी आलो तेव्हा पाचवीच्या तीन तुकड्या होत्या. मग दोन झाल्या, मग एक. संस्थेने चौथ्या मजल्यावर इंग्रजी माध्यम सुरू केलं होतं आणि ते दर दोनेक वर्षांनी एकेक मजला खाली उतरत होतं. वरून बूट वाजायचे, खाली आम्ही. शेवटी आम्ही तळमजल्यावर आलो आणि त्याच्या खाली जायला जागा नव्हती. गेल्या वर्षी मार्चमध्ये संस्थेने बैठक घेतली आणि सरळ सांगितलं, जूनमध्ये पाचवीला वीस मुलं मिळाली तर वर्ग चालेल, नाहीतर मराठी माध्यम बंद. आहेत ती मुलं दुसऱ्या शाळांत पाठवू, शिक्षकांचंही बघू. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

बैठकीतून बाहेर पडल्यावर आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो. बाई म्हणाल्या, "वीस म्हणजे काय, लालबागच्या दोन गल्ल्या. चला माटुंगा, चपला घाला."

एप्रिल-मे आम्ही दारोदार फिरलो. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी. बाई पुढे, मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन मागे. चाळींमध्ये दार उघडं असायचं, पाणी मिळायचं, आणि नकारही तितकाच मोकळा मिळायचा. "बाई, मराठीत घालून पुढे काय करू?" बाई वाद घालायच्या नाहीत. पुढच्या दारावर जायच्या. एका घरात एका आजीने नातवाचा हात बाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, "घेऊन जा, पण त्याच्या आईला सांगू नका." तो फॉर्म आम्ही भरला नाही, पण त्या दिवशी बाई खूप हसल्या होत्या.

टॉवरांत वर जायला वॉचमन सोडायचा नाही. बाईंनी एक युक्ती काढली होती. माजी विद्यार्थ्याचं नाव आठवायचं नाही, तेव्हा त्या फ्लॅटचा नंबर देऊन वॉचमनला सांगायच्या, "चिंचपोकळीला सांग, बाई आल्यात." आणि नवलाची गोष्ट म्हणजे बाविसाव्या मजल्यावरचा चिंचपोकळी धावत खाली आला. चाळीस-बेचाळिशीचा गृहस्थ, पायात घरातली स्लीपर. लॉबीतच सगळ्यांसमोर पाया पडला. वर नेलं, सरबत केलं, बायकोला बोलावलं. "ह्या आमच्या बाई. मी आज जो काय आहे ना, तो यांच्यामुळे."

"मग मुलगा आमच्याकडे घाल," बाई म्हणाल्या. "यंदा पाचवीत जाईल ना?"

तो हसला. मग त्याला कळलं की त्या खरंच विचारतायत. "बाई, तो ऑलरेडी एका चांगल्या शाळेत आहे. मिसेस ऐकणार नाही."

"मिसेस इथेच आहे, मी विचारते."

"बाई, प्लीज." त्याचा आवाज पडला. "तिचं नाही, मलाच नकोय. कॉलेजात पहिली दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही. प्रेझेंटेशन असलं की आजारी पडायचो. पोराला त्यातून नाही न्यायचं मला. तुमच्यावर राग नाही बाई, आईशप्पथ."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठल्या. लिफ्टमध्ये मी म्हटलं, "कृतघ्न आहेत साले." बाई म्हणाल्या, "त्याचं काही चुकलं नाही." तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "दुपा प्ल्वाये," आणि फाटकाबाहेर ऊन मी म्हणत होतं त्यात चालायला लागल्या.

मी कृतघ्न म्हणालो खरा. पण माझी मुलगी त्याच वर्षी चौथीतून पाचवीत जात होती. माटुंग्याच्या एका इंग्रजी शाळेत. बसस्टॉपवर उभे असताना बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी यंदा पाचवीत ना?" मी "हो" म्हणालो. आता पुढचा प्रश्न येणार म्हणून मी तयार होतो. बायको, अंतर, बस, सगळी उत्तरं पाठ होती. बाईंनी पुढे विचारलंच नाही. त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. त्यांनी विचारलं असतं तर मी त्यांच्याशी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

मे महिन्याच्या शेवटी आमचे तेरा फॉर्म झाले होते. तेव्हा मला कॉटन ग्रीनचा आवाजी मेसेज आला. हा मुलगा सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडून दहावी झालेला. आयटीआय करून वेल्डर झाला आणि एजंटामार्फत थेट रुमानियाला, एका जहाजांच्या कारखान्यात. बाईंचा एकमेव विद्यार्थी, जो त्यांच्या फळ्यावरच्या देशात खरोखर पोहोचला. मेसेज मला अजून पाठ आहे.

"सर, ऐका ना. बाईंची म्हण मी आज साइटवर बोललो. सगळे एवढे हसले ना सर! फोरमन बोलतो, तुला काय झालं, हे कशाला बोलतो? मग त्याने समजावलं. केपेन्याग म्हणजे ऊन नाही सर. ते जुन्या टाइपचं रेनकोट असतं, आपल्या घोंगडीसारखं, अंगावर घ्यायचं. पाऊस पडून गेला आणि मग रेनकोट. म्हणजे आपलं ते काय, वरातीमागून घोडं! आणि ती खांद्यावरची ॲक्शन आहे ना, ती रेनकोट घालायची ॲक्शन आहे सर. आता ऊनवाली म्हणपण आहे यांच्यात, स्टार्टिंग सेम, दुपा प्ल्वाये, पण पुढे रसारे स्वारेले. पावसानंतर सूर्य उगवतो. बाईंच्या दादांचा घोळ झाला. शब्द एकीचे घेतले आणि अर्थ दुसरीचा. पण सर, बाईंना नका बोलू हां. त्यांना वाईट वाटेल."

मी तो मेसेज तीनदा ऐकला. आधी हसू आलं. मग तो हमाल डोळ्यांपुढे आला, भिजून आलेल्या खलाशाकडे बघून हसणारा. तो काही धीर देत नव्हता. बाबा, आता शेडखाली येऊन काय उपयोग, असंच काहीतरी म्हणत असणार. आणि त्याच्या त्या थट्टेवर परळच्या एका खोलीत एक माणूस खाटेवरून उठून बसला होता.

बाईंना सांगायचं नाही, हे मी ठरवलं होतं. खरोखर ठरवलं होतं.

जूनमध्ये शेवटच्या दिवशी सतरा मुलं झाली. तीन कमी. मला लगेच पहिलं गणित सुचलं ते हे, की माझी मुलगी आली असती तरी दोन कमीच होती. म्हणजे तिच्यामुळे काही अडलं नाही. हे गणित मी बायकोला सांगितलं, आरशासमोर स्वतःला सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत आम्ही नऊ जण होतो, त्यातल्या चौघांची मुलं पाचवीच्या वयाची होती आणि एकाचंही मूल आमच्या शाळेत नव्हतं. प्रत्येकाने हेच गणित केलं असणार, कारण त्या दिवशी कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दुपारी मुख्याध्यापकांनी संस्थेचं पत्र वाचून दाखवलं. सतरा मुलांचे फॉर्म परत द्यायचे होते. बाई खिडकीशी उभ्या होत्या. सगळे पांगले, मी आणि त्या उरलो. त्या वळल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला धीर द्यायचा म्हणून त्यांनी बोटं वर उचलली.

"दुपा प्ल्वाये..."

"पुरे, बाई!" मी ओरडलो. "त्याचा अर्थ तो नाहीये."

आणि मी सांगून टाकलं. रेनकोट, घोंगडी, वरातीमागून घोडं, खांद्यावरच्या हातांसकट सगळं. तिथले लोक कॉटन ग्रीनला हसले, हेसुद्धा. ऊनवाली म्हण तेवढी सांगितली नाही. विसरलो नव्हतो. त्या क्षणी मला त्यांच्याकडे काहीच उरू द्यायचं नव्हतं. का, ते मला धड सांगता येणार नाही. त्यांनी बसस्टॉपवर मला तो प्रश्न विचारला नाही, त्याचा राग असेल.

बाईंचे हात हवेतच राहिले होते. ते त्यांनी सावकाश खाली घेतले. मग आपल्या एका खांद्यावर हात ठेवून बघितला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला, कापडाचा पोत बघावा तसा.

"हो," त्या म्हणाल्या. "असंच घेतात पांघरून. माझ्या लक्षात यायला हवं होतं." आणि थोड्या वेळाने, "तीस-पस्तीस वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं, माटुंगा."



सतरा फॉर्म परत द्यायला त्या एकट्याच गेल्या. मला बोलावलं नाही.

शाळा बंद झाल्याची बातमी पसरली तसा माजी विद्यार्थ्यांना उमाळा आला. चार दिवसांत ग्रुपवर पाचशे माणसं झाली. जुने फोटो, रडके चेहरे, 'माझी शाळा माझा श्वास'. एका रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात कृतज्ञता मेळावा ठरला. मांडव, फेटे, ढोल-ताशा. बायकोला काम होतं म्हणून मी मुलीला सोबत नेलं. ती पहिल्यांदाच माझ्या शाळेत येत होती.

पटांगण भरलं होतं. गाड्या लावायला जागा नव्हती. जो तो बाहेर काढून ठेवलेल्या बाकांत आपला बाक शोधून फोटो काढत होता. चिंचपोकळी फेटा बांधून माईक सांभाळत होता आणि त्याचे डोळे सुजलेले होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याने जाहीर केलं की आजपासून शाळा बचाव समिती स्थापन होत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्ग कुलूपबंद होते, बाक हलवायला त्यांच्यावर नंबर टाकून झाले होते, आणि समिती स्थापन होत होती.

मग बाईंना बोलायला उभं केलं. त्या व्हरांड्यातल्या फळ्यापाशी गेल्या, कानावरचा खडू काढला आणि लिहिलं, रुमानिया. मागच्या गर्दीतून शिट्ट्या आल्या. कुणी सांगायच्या आतच चार-पाचशे माणसांनी हात वर केले. टकले, पोट सुटलेले, कडेवर पोर घेतलेल्या बाया, सगळ्यांची बोटं पावसासारखी खाली आली. "दुपा प्ल्वाये," आणि सगळे हात खांद्यांवर, "केपेन्याग!"

"अर्थ?" बाईंनी विचारलं.

"पावसानंतर ऊन!"

"चूक," बाई म्हणाल्या.

लोक हसले. बाईंनी हसणं थांबेपर्यंत वाट बघितली, वर्गात बघायच्या तशीच. मग फळ्यावर खाली अर्थ लिहिला आणि वाचून दाखवला. "वरातीमागून घोडं. केपेन्याग म्हणजे ऊन नाही, पांघरायची घोंगडी. पाऊस पडून गेल्यावर आणलेली. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. सगळ्यांनी दुरुस्त करून घ्या." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं पटांगण टाळ्या वाजवायला लागलं. बाई कशा मिश्कील, अजून तशाच, असं माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला. ढोल सुरू झाला.

मी मुलीला घेऊन गर्दीतून बाईंपाशी गेलो. मला राहवेना. वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाई, मी अर्धंच सांगितलं होतं. ऊनवाली म्हणपण आहे त्यांच्यात. दुपा प्ल्वाये रसारे स्वारेले. खरी आहे ती. पावसानंतर सूर्य उगवतो."

"परत बोला. सावकाश."

मी परत बोललो. त्यांनी ओठ हलवून ते म्हणून बघितलं, एकदा चुकल्या, दुसऱ्यांदा बरोबर म्हटलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"मेमध्ये."

त्यांनी मान हलवली. "चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पोरांना शिकवली असती. असांदे."

माफी मागायची होती, पण मुलगी माझी बाही ओढत होती. ती मघापासून फळ्याकडे बघत एकेक अक्षर जुळवत होती.

"बाबा, व्हॉट्स वरात?"

"बारात गं. हिंदीतली बारात."

"ओह. मग तसं लिहायचं ना. आणि घोडा मागून का येतो?"

"उशीर झाला त्याला."

"तोपर्यंत वेडिंग होऊन गेलं?"

"हो, गेलं."

तिने पटांगणात नाचणाऱ्या फेट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मग तो आलाच कशाला?"

बाई तिच्याकडे बघत होत्या. मग शिक्षक विद्यार्थ्याच्या उत्तराची वाट बघतात तशी त्यांनी माझ्याकडे मान वळवली.